स्ली हेडच्या रस्त्यावरील दगडी झोपड्या: आधी पडकी पाहावी, मग शाबूत

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: येत्या सप्टेंबरच्या मध्यास आपण दोघे, १० वर्षांचा मुलगा आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या ६८ वर्षांच्या सासूबाई असे चौघे बडोद्याहून आयर्लंडला जात आहात. डिंगल द्वीपकल्पासाठी आपल्याकडे एकच दिवस आहे. तिथल्या स्ली हेड या समुद्रात घुसलेल्या भूशिराच्या रस्त्यावर मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या प्राचीन दगडी झोपड्या आहेत असे आपल्या वाचनात आले. परंतु त्यांतील खऱ्या कोणत्या, पैसे देऊन त्या पाहाव्यात का, आणि सासूबाईंना हे सारे झेपेल का, याचा उलगडा होत नाही.

जुन्या दगडी इमारतींची दुरुस्ती हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय आहे, आणि याच ओढीने मी डिंगलला तीन वेळा गेलो आहे. म्हणून निर्णय आधी सांगतो. झोपड्या अवश्य पाहाव्यात, पैसे देऊन पाहाव्यात आणि सासूबाईंनाही न्यावे. मात्र त्या दिवशी थांबे मोजकेच ठेवावेत आणि झोपड्यांपाशी पोहोचल्यावर सर्वांत देखण्या झोपडीकडे आधी धावू नये. छप्पर कोसळलेली झोपडी आधी पाहावी, शाबूत नंतर. असे का, ते पुढे सविस्तर लिहितो. कारण हा क्रम चुकला, तर चारदा युरोप पाहून आलेला माणूसही 'दगडांचे ढीग होते' एवढेच सांगत घरी परततो.

'पोळे' या शब्दाने आपली थोडी दिशाभूल होते. आपल्याकडचे झाडाला लोंबणारे पोळे इथे डोळ्यांसमोर आणू नये. युरोपात मधमाश्या पाळण्यासाठी गवताची उपडी टोपली वापरत असत, तिच्यावरून हे नाव पडले. आपल्याला जवळचा शब्द हवा असेल तर कोंबड्या झाकण्याचे डालगे म्हणावे. आयरिश भाषेत या झोपडीला 'क्लोखॉन' म्हणतात. 'क्लोख' म्हणजे दगड, आणि इंग्रजांना जड जाणारा त्यातला 'ख' मराठी जिभेला मुळीच जड जात नाही. डिंगल गावातून पश्चिमेस निघून व्हेंट्री ओलांडले की उजव्या हातास ५१६ मीटर उंचीचा माउंट ईगल हा डोंगर येतो. त्याच्या दक्षिण उतारावर, समुद्राकडे तोंड करून, फॅहन नावाची वस्ती आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आर. ए. एस. मॅकॅलिस्टर या पुरातत्त्वज्ञाने या परिसराची पाहणी केली, तेव्हा येथील क्लोखॉनांची संख्या चारशेहून अधिक भरली होती. आज त्यांतल्या बहुतेकांचा केवळ गोल पाया उरला आहे, काहींच्या कमरेएवढ्या भिंती उभ्या आहेत, आणि थोड्याच झोपड्यांवर छप्पर शिल्लक आहे.

आता मुख्य गोष्ट. या झोपड्यांत चुना नाही, माती नाही, लाकडाचा वासा नाही आणि कमानही नाही. कोकणात ज्यांचे मूळ घर आहे त्यांनी गडगा पाहिलेला असतो: दगडावर दगड बसवत, फटींत कपच्या ठोकत रचलेली कोरडी भिंत. हा गडगा वर्तुळात फिरवला आणि प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा बोट-दोन बोटे आत सरकवत नेला, तर वर्तुळ हळूहळू लहान होत जाते आणि शेवटी उरलेले भोक एका मोठ्या फरशीने झाकता येते. भिंत कुठे संपली आणि छप्पर कुठे सुरू झाले, हे सांगता येत नाही. कारण दोन्ही एकच आहेत.

आत डोकावणारा दगड खाली का पडत नाही, याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे प्रत्येक दगडाचा थोडाच भाग आत डोकावतो. त्याचा मोठा भाग मागे भिंतीच्या जाडीत दबलेला असतो आणि त्याच्यावर पुढच्या थरांचे ओझे असते. म्हणूनच या भिंती आकाराच्या मानाने फार जाड असतात. दुसरे कारण अधिक सुंदर आहे. एका थरातील सर्व दगड वर्तुळात एकमेकांना चिकटून बसलेले असल्यामुळे, त्यांतला एखादा आत सरकू लागला तर शेजारचे दोघे त्याला दाबून धरतात; गर्दीच्या रिंगणात मधल्या माणसाला पुढे पडायला जागाच नसते, तसे. प्रत्येक आडवा थर अशा रीतीने स्वतःपुरता आवळलेला असतो. त्यामुळे बांधताना खालून आधाराचा लाकडी सांगाडा लागत नाही. थर पूर्ण झाला की तो आपला आपण उभा राहतो. ज्या किनाऱ्यावर मोठे लाकूड दुर्मीळ आणि सहज चपटा फुटणारा वालुकाश्म मुबलक होता, तिथे हीच रीत रुजली यात नवल नाही.

शिवाय एक बारकावा आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. दगड सपाट बसवलेले नसतात. त्यांना बाहेरच्या बाजूस किंचित उतार दिलेला असतो. अटलांटिकवरून येणारा पाऊस वाऱ्यासोबत आडवा मारतो, आणि फटीत शिरलेले पाणी या उतारामुळे आत न येता बाहेर ओघळते.

हे सगळे शाबूत झोपडीत दिसत नाही, आणि म्हणूनच माझा क्रमाचा आग्रह आहे. शाबूत झोपडी बाहेरून गोलसर ढिगासारखी दिसते आणि आतून अंधारी असते. छप्पर कोसळलेल्या झोपडीत मात्र भिंतीचा आडवा छेद उघडा पडलेला असतो: जाडी किती, मागे किती दगड दबलेला, पुढे किती डोकावलेला, बाहेरचा उतार किती, हे सर्व एका दृष्टिक्षेपात दिसते. वैद्यकीचा विद्यार्थी आधी सांगाडा पाहतो आणि मग रोग्याची नाडी धरतो, तसेच हे आहे. फॅहनमध्ये कॅहर कॉनर या नावाने ओळखला जाणारा जो समूह आहे, तिथे एकाच आवारात अनेक झोपड्या असून काही एकमेकींना आतून जोडलेल्या आहेत, आणि कमी-अधिक पडझडीचे नमुने शेजारी शेजारी पाहता येतात. आधी पाया, मग अर्धी भिंत, मग छप्पर असलेली झोपडी, असे फिरावे. आत गेल्यावर दोन मिनिटे काहीही न बोलता उभे राहावे. डोळे अंधाराला सरावले की थरांची वर्तुळे एकेक करून वर चढताना दिसू लागतात.

याची पूर्वतयारी बडोद्यातच करता येते, आणि ती करावी अशी माझी विनंती आहे. मुलाला घरी टेबलाच्या कडेवर एकाच मापाची पाच-सहा पुस्तके एकावर एक ठेवायला सांगा. प्रत्येक वरचे पुस्तक खालच्यापेक्षा थोडे पुढे सरकवायचे. हात बसला की सर्वांत वरचे पुस्तक पूर्णपणे टेबलाच्या बाहेर अधांतरी राहते आणि तरीही पडत नाही. नंतर एका रविवारी चांपानेरला जाऊन या. शहरापासून जेमतेम पन्नास किलोमीटर. गुजरातेतील सुलतानी काळातले अनेक घुमट बाहेरून कमानीच्या घराण्यातले वाटले तरी आतून मंदिराच्या छतासारखेच, थर पुढे काढत रचलेले आहेत. जामी मशिदीत मान वर करून पाहिले की वर्तुळात वर्तुळ लहान होत जाणारी ती रचना दिसते. फरक एवढाच, की आपल्याकडच्या कारागिराने प्रत्येक थर घडवून, कोरून, गुळगुळीत केला आणि फॅहनच्या शेतकऱ्याने शेतातला दगड उचलला तसा लावला. तत्त्व एकच आहे. बडोद्याच्या माणसाला हे आयर्लंडमध्ये नवखे वाटू नये, यासाठी चांपानेरचा तो रविवार मला व्हिसाच्या कागदपत्रांइतकाच आवश्यक वाटतो.

'खऱ्या कोणत्या' या आपल्या प्रश्नाला मात्र सरळ उत्तर नाही. रस्त्याकडेच्या फलकांवर आणि पत्रकांत या झोपड्या इसवी सनापूर्वी २००० वर्षांच्या असल्याचे सर्रास लिहिलेले आढळते. तसे मानण्यास आधार नाही. आज उभी असलेली क्लोखॉने इसवी सन ७०० च्या आसपासच्या काळाहून जुनी असल्याचा थेट पुरावा अद्याप मिळालेला नाही. बांधण्याची रीत फार जुनी असू शकते, पण रीत जुनी म्हणून प्रत्येक झोपडी जुनी ठरत नाही. या भागातले शेतकरी गुरांसाठी आणि अवजारांसाठी अशाच झोपड्या अगदी अलीकडच्या काळापर्यंत बांधत आले, पडलेल्या उचलून ठेवत आले. त्यामुळे एकाच आवारात हजार-बाराशे वर्षांचा पाया, त्यावर शंभर वर्षांपूर्वी दुरुस्त केलेली भिंत आणि काल-परवा बसवलेले चार दगड, असे मिश्रण सापडते. दगडावर शेवाळ-दगडफूल सर्वत्र सारखे चढलेले आहे की मध्येच स्वच्छ पट्टा दिसतो, एखाद्या फटीत सिमेंट डोकावते का, हे न्याहाळावे. मुलाला हा शोध फार आवडेल. दुरुस्ती दिसली म्हणून झोपडी 'खोटी' मानू नये. सलग वापरात राहिलेली वास्तू अशीच टिकते. याच रस्त्यावर १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळातले एक घरही दाखवले जाते. ते चौकोनी, गवती छपराचे आणि सर्वस्वी निराळ्या काळाचे आहे. ते क्लोखॉनांशी जोडून मनात घोटाळा करून घेऊ नये.

गॅलारसची प्रार्थनावास्तू टाळू नका. ती याच फेरीच्या उत्तर भागात आहे, आणि खरे पाहता फॅहनच्या धड्याचा तो पुढचा भाग आहे. तिची बांधणी याच कोरड्या पद्धतीची आहे, परंतु पाया गोल नसून आयताकृती आहे, आणि आकार उपड्या ठेवलेल्या होडीसारखा. आता वर सांगितलेले रिंगण आठवा: वर्तुळात प्रत्येक दगडाला शेजारी आवळून धरतात, सरळ लांब भिंतीत तो आवळ नसतो. म्हणून लांबट क्लोखॉन मध्यभागी आत दबतो आणि कोसळतो. या परिसरातील अशा आयताकृती वास्तू बहुतांशी तशाच पडल्या. गॅलारस उभी राहिली, कारण तिचे दगड अधिक काळजीने घडवून, जवळजवळ फट न ठेवता बसवले आहेत. तरीही दुरून पाहिल्यास तिच्या माथ्याच्या रेषेत किंचित झोळ दिसतो. तो अवश्य शोधा. ती नेमकी कधी बांधली गेली याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. सहाव्या-सातव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंतची मते मांडली गेली आहेत. आत पश्चिमेचे दार आणि पूर्वेची छोटी खिडकी, एवढाच उजेड. दारावर आतल्या बाजूस भोके असलेले दोन दगड बाहेर आलेले आहेत. दार टांगण्यासाठी ते असावेत. तिथे खाजगी वाहनतळ व माहिती केंद्र आहे, त्याचे पैसे पडतात. वास्तू पाहण्यास स्वतंत्र शुल्क नाही.

आता रस्त्याविषयी. डिंगलहून निघून डिंगललाच परतणारी ही फेरी ४७ किलोमीटरच्या आसपास भरते. आकडा पाहून हसू नका. आजवा तलावाला जाऊन येण्याएवढे हे अंतर वाटते, पण कुठेही न थांबता नुसती गाडी हाकली तरी दीड तास सहज जातो, आणि तुमच्यासारख्यांनी पूर्ण दिवस धरावा. फेरी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने करावी, म्हणजे डिंगल, व्हेंट्री, फॅहन, स्ली हेड, डनक्विन, गॅलारस. आयर्लंडमध्ये आपल्यासारखेच डावीकडून वाहन चालवतात. त्यामुळे या दिशेने समुद्र आपल्या बाजूस राहतो आणि थांबण्याच्या जागांत रस्ता न ओलांडता शिरता येते. शिवाय मोठ्या प्रवासी बसगाड्याही याच दिशेने फिरतात, म्हणून एका बाजूस कडा आणि दुसऱ्या बाजूस भिंत अशा वळणावर त्या समोरून अंगावर येत नाहीत. किलार्नीहून निघालेल्या बसगाड्या उशिरा सकाळी पोहोचतात. आपण रात्री डिंगलमध्येच मुक्काम करून नऊच्या सुमारास निघालात, तर फॅहन तासभर तरी आपल्या वाट्याला निवांत येईल. डब्लिनहून त्याच दिवशी येण्याचा विचार करू नये. ते साडेतीनशे किलोमीटर आहे.

फॅहननंतर थोड्याच अंतरावर एक ओढा चक्क रस्त्यावरून वाहतो. घाबरू नये, तळ पक्का आहे, गाडी हळू काढावी. या भागात आयरिश भाषा बोलली जाते आणि पाट्याही त्याच भाषेत असतात. रस्त्यावर 'गो मॉल' लिहिलेले दिसले तर जवळपास बाजारपेठ आहे असे समजू नका, त्याचा अर्थ 'हळू जा' असा आहे.

गाडी लहानात लहान घ्यावी. कडेची फ्युशियाची लाल फुलांची झुडपे सप्टेंबरातही बहरलेली असतात आणि ती मऊ वाटतात. परंतु त्यांच्या आत दगडी गडगा दडलेला असतो. पहिल्या खेपेस समोरच्या ट्रॅक्टरला वाट देण्यासाठी मी गाडी त्या फुलांत दाबली आणि डाव्या बाजूचा आरसा तिथेच ठेवून आलो. विम्यात आरसा आणि टायर धरलेले नाहीत, हे मला गाडी परत करताना कळले. आपण ते गाडी घेताना विचारून घ्यावे.

सासूबाईंच्या दृष्टीने फॅहन हाच अवघड थांबा आहे. रस्त्यापासून झोपड्या फार दूर नाहीत, पण चढ उभा आहे, गवत बहुधा ओले असते आणि पायऱ्या सरळ नाहीत. पकड असलेले बूट आणि एक काठी असेल तर सावकाश जाता येते. झोपडीचे दार ठेंगणे असल्याने पूर्ण वाकून शिरावे लागते. गुडघ्यांना ते नको असेल तर त्यांनी पडक्या झोपडीच्या आवारात बसावे. तिथूनही छेद उत्तम दिसतो आणि समोर डिंगलचा उपसागर असतो. गॅलारसची वाट सौम्य आहे. रिआस्क येथील मठाचे अवशेष जवळजवळ सपाटीवर आहेत. तिथेही क्लोखॉनांचे गोल पाये आणि कोरीव क्रूसाचा उभा दगड आहे, म्हणून फॅहनला पाऊस-वाऱ्याने फारच अडवले तर तो चांगला पर्याय ठरतो. डनक्विनच्या धक्क्याची नागमोडी वाट छायाचित्रांत मोहक दिसते, ती वरूनच पाहावी. उतरणे सोपे, परत चढणे कठीण. समोर ग्रेट ब्लास्केट बेट दिसते. तिथली शेवटची कुटुंबे १९५३ साली मुख्य भूमीवर हलवण्यात आली.

आपण स्केलिग मायकल या खडकाळ बेटाचाही उल्लेख केला आहे. तिथल्या खडकावर संन्याशांच्या सहा क्लोखॉन-कुट्या आहेत आणि १९९६ पासून ते स्थळ जागतिक वारशाच्या यादीत आहे. मात्र तिथे होडीने जाऊन ६१८ पायऱ्या चढाव्या लागतात, होड्या डिंगलच्या या रस्त्यावरून सुटत नाहीत, आणि समुद्र खवळला की फेरी रद्द होते. आपल्या या खेपेस ते सोडावे. आभाळ स्वच्छ असेल तर स्ली हेडवरून दक्षिणेस समुद्रात त्याचा टोकदार आकार दिसतो, तेवढे पुरे.

किरकोळ गोष्टी. फॅहनच्या झोपड्या शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनीत आहेत आणि प्रत्येक जण माणशी थोडे युरो घेतो. नाणी जवळ ठेवावीत. हे पैसे देताना मला कधी वाईट वाटले नाही, कारण मेंढ्या हाकणे, वाट मोकळी ठेवणे आणि पर्यटकांना भिंतीवर चढू न देणे ही कामे तोच करतो. फाटक जसे सापडले तसेच, म्हणजे बंद असेल तर बंद करून, सोडावे. मुलाला दोन गोष्टी निक्षून सांगाव्यात: भिंतीवर चढायचे नाही, आणि दगड उचलून त्यांची उतरंड रचायची नाही. पर्यटक अशा उतरंडी हौसेने रचतात आणि त्यासाठी नेमक्या भिंतीच्या फटींतल्या कपच्या उपसतात. माझ्यासारख्याला ते एखाद्याच्या दातांतले चांदीचे भरण काढून घेण्यासारखे वाटते. डनबेगचा समुद्राकाठचा किल्ला रस्त्यातच लागतो. २०१४ च्या वादळांत त्याचा काही भाग समुद्रात गेला, म्हणून फाटक उघडे असेल तरच आत जावे आणि कड्यापासून लांब राहावे. आयर्लंड शेंगेन व्यवस्थेत नाही, तेव्हा शेंगेन व्हिसावर तिथे प्रवेश मिळेल असे गृहीत धरू नये. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ सोबत नेण्यास मनाई आहे. पेढे आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी. लीलो चेवडो न्यावा, वाऱ्यात फार बरा लागतो.

पावसाचे शेवटी सांगतो. सप्टेंबरात दिवसातून दोन-तीन सरी येतातच, आणि सर आली की सगळे पर्यटक गाडीकडे पळतात. आपण पळू नये. छप्पर शाबूत असलेल्या झोपडीत शिरावे, भिंतीला पाठ लावून उभे राहावे आणि मुलाला प्रत्येक थराच्या आतल्या कडेवरून बोट फिरवायला सांगावे. बाहेर पाणी दगडांवरून ओघळताना ऐकू येते. बोट कुठे ओले होते आणि कुठे कोरडेच राहते, ते पाहून दगडाचा उतार कुठे नीट बसला आहे आणि कुठे नंतरच्या दुरुस्तीत चुकला आहे, हे त्याला स्वतःच सांगता येईल.